घटिकापात्र

"यांना शेवटचं ठीक कधी पाहिलं होतं?"

२०२२च्या ऑगस्टमधल्या एका पहाटे हा प्रश्न मला तासा-दीड तासात तीन वेळा विचारला गेला आणि तिन्ही वेळा मी एकच उत्तर दिले: रात्री साडेदहाला. साडेदहाला बाबा रक्तदाबाची गोळी घेऊन, दाराची साखळी नेहमीप्रमाणे दोनदा ओढून पाहून झोपायला गेले होते. पहाटे पाच वाजून वीस मिनिटांनी आईला जाग आली ती स्टीलचा पेला फरशीवर पडल्याच्या आवाजाने. बाबा पलंगाच्या कडेला बसले होते. कोणीतरी दुसऱ्याचा हात आणून ठेवावा तसा त्यांचा उजवा हात मांडीवर पडला होता. ते काही सांगू पाहत होते. स्वरांचा चढउतार त्यांचाच होता, पण त्यातून शब्द सुटे होत नव्हते. बाहेर पाऊस कोसळत होता आणि बंद खिडकीतून त्याचा आवाज दबका येत होता, एवढे मला स्पष्ट आठवते.

नौपाड्यातल्या आमच्या घरापासून जवळच असलेल्या एका नर्सिंग होममध्ये आम्ही सहाच्या सुमारास पोहोचलो. तिथे सीटी स्कॅन झाला आणि तिथल्या डॉक्टरांनी "सीटी नॉर्मल आहे" असे सांगितले. त्या दोन शब्दांनी आमची पंचवीस मिनिटे खाल्ली. आईने हात जोडले, शेजारचे काका "नॉर्मल आहे म्हणजे अशक्तपणा असेल, सलाइन लावा" असे म्हणाले, आणि मी, गेली बावीस वर्षे अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवणारी बाई, बाकावर बसून राहिले. पक्षाघातात पहिल्या काही तासांतला सीटी प्रामुख्याने मेंदूत रक्तस्राव झालेला नाही ना, हे पाहण्यासाठी असतो. रक्तवाहिनी तुंबून झालेले नुकसान त्या वेळी त्यात बहुधा दिसतच नाही. 'नॉर्मल' याचा अर्थ तिथे 'रक्तस्राव नाही' इतकाच होता. हे मला कोणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. घोडबंदर रस्त्यावरच्या मोठ्या रुग्णालयात आम्ही गेलो ते माझ्या भावाने फोनवर आरडाओरडा केला म्हणून.

तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी "काका, दोन्ही हात वर करा, डोळे मिटा" असे म्हणत बाबांना तपासले आणि मग मला तोच प्रश्न विचारला. मी साडेदहा म्हटल्यावर त्यांचा चेहरा किंचित पडला. त्याचे कारण मला नंतर समजले. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. त्यानंतर फायदा घटत जातो आणि मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका राहतोच. झटका जागेपणी आला तर वेळ सांगता येते. झोपेत आला, तर रुग्ण ज्या क्षणी शेवटचा धडधाकट दिसला त्या क्षणापासून घड्याळ मोजायचे, असा नियम होता. म्हणजे बाबांनी डोळे उघडले तेव्हाच त्यांच्या नावावर पावणेसात तास मांडले गेले होते. पक्षाघाताच्या साधारण पाच रुग्णांमागे एक जण असा झोपेतून उठतानाच लुळा होऊन उठतो, आणि कित्येक वर्षे अशा सगळ्यांना केवळ घड्याळाच्या नियमामुळे इंजेक्शनाविना राहावे लागले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एमआरआय करू या. मेंदूलाच विचारू, कधी झालं ते."

हे वाक्य मी तेव्हा सांत्वनाचे बोलणे समजले होते. ते अक्षरशः खरे होते, हे कळायला मला पुढचे वर्ष लागले. आणि त्या वर्षात मी ज्या माणसाच्या कामापर्यंत जाऊन पोहोचले, त्याचे नाव त्या पहाटे त्या रुग्णालयात कोणी उच्चारले नव्हते. बाबांच्या अहवालात मात्र त्याची दोन-तीन अक्षरे होती. फिल्मच्या कोपऱ्यात बारीक टाइपात 'बी १०००' असे छापले होते आणि खाली इंग्रजीत एक ओळ होती, तिचा अर्थ असा की डाव्या इंटर्नल कॅप्सूलमध्ये, म्हणजे मेंदूच्या आतल्या तंतूंच्या एका अरुंद वाटेत, विसरण अडलेले दिसते.

विसरण हा शब्द मी वर्गात शेकडो वेळा फळ्यावर लिहिला आहे. पाण्याच्या ग्लासात शाईचा थेंब टाकून तो पसरताना दाखवायचा, १८२७ साली रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञाने पाण्यातले परागातले कण सूक्ष्मदर्शकाखाली सतत थरथरताना पाहिले हे सांगायचे, १९०५ साली आइन्स्टाइनने त्या थरथरीचे गणित मांडले हे सांगायचे, आणि घंटा झाली की पुढच्या धड्याकडे वळायचे. पाण्याचा रेणू स्वस्थ बसत नाही. तो दारू प्यायलेल्या माणसासारखा दिशाहीन भटकतो, आणि म्हणूनच तो गाठतो ते अंतर वेळेच्या पटीत न वाढता वेळेच्या वर्गमुळाच्या पटीत वाढते. चौपट लांब जायला त्याला सोळापट वेळ लागतो. शरीराच्या तापमानाला मोकळ्या पाण्यातला रेणू एका सेकंदाच्या विसाव्या भागात एखाद्या दिशेने सरासरी १७ मायक्रोमीटर सरकतो. हा आकडा मी मुलांना कधी सांगितला नव्हता, कारण त्यातली गंमत मलाच ठाऊक नव्हती. १७ मायक्रोमीटर म्हणजे साधारण पेशींच्याच मापाचे अंतर. इतक्या वेळात मेंदूतला पाण्याचा रेणू कुठल्या ना कुठल्या भिंतीला धडकलेलाच असतो. त्यामुळे तो किती सरकला हे मोजता आले, तर भिंती न पाहताही भिंतींची खबर मिळते.

हे मोजमाप जिवंत माणसाच्या शरीरात, चित्राच्या रूपात करून दाखवणारा माणूस म्हणजे देनी ल बिआँ हा फ्रेंच डॉक्टर. तो डॉक्टरही होता आणि भौतिकशास्त्रातही शिकलेला होता. १९८०च्या दशकाच्या मध्याला एमआरआय ही गोष्ट नुकतीच रुग्णालयांत पोहोचत होती. पॉल लॉटरबर यांनी १९७३ साली पाण्याने भरलेल्या बारीक नळ्यांचे पहिले चित्र प्रसिद्ध केले होते, पीटर मॅन्सफील्ड यांनी १९७७ साली क्षणार्धात चित्र घेण्याची रीत सुचवली होती, आणि या दोघांना २००३ साली नोबेल मिळायचे होते. ल बिआँच्या पुढ्यात आलेला प्रश्न मेंदूचा नव्हताच. यकृतातल्या दोन प्रकारच्या गाठी, एक घातक आणि एक रक्तवाहिन्यांच्या गुंत्याची निरुपद्रवी, त्या काळच्या चित्रांत वेगळ्या ओळखू येत नसत. त्याला असे वाटले, की घन गाठीत पाण्याला भटकायला जागा कमी असणार आणि रक्ताच्या गुंत्यात वाहते रक्त असल्यामुळे हालचाल जास्त दिसणार. तेव्हा हालचालच मोजावी. कल्पना सुरेख होती. ०.५ टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे एकक) यंत्रावर त्याने ती यकृतावर करून पाहिली आणि ती सपशेल फसली, कारण माणूस श्वास घेतो. रेणूचे सरकणे सूक्ष्मदर्शकाच्या मापाचे, आणि श्वासागणिक यकृताचे सरकणे बोटाच्या मापाचे. त्या गोंधळात रेणूचे कोण ऐकणार! मग तो कवटीत बंदिस्त असलेल्या, त्या मानाने स्थिर अशा मेंदूकडे वळला. १९८५ साली त्याने विसरणाची पहिली चित्रे मांडली आणि १९८६च्या निबंधात दोन राशींना नावे दिली, ती आजही जगभर तशीच चालतात. एक 'बी', म्हणजे रेणूच्या हालचालीला यंत्र किती हळवे केले आहे त्याचे माप, आणि दुसरी 'एडीसी', म्हणजे त्या जागी पाणी वरकरणी किती मोकळे दिसते त्याचा आकडा.

या 'वरकरणी' शब्दावर मी जरा थांबते, कारण त्यात माणसाचा स्वभाव दिसतो. आपण मोजतो ते खरे विसरण नव्हे, भिंती, पडदे आणि केशवाहिन्यांतले रक्त या सगळ्यांनी मिळून बनलेला एक दिसण्यातला आकडा आहे, हे त्याने नावातच सांगून ठेवले. विज्ञानात इतक्या सरळपणाने आपल्या मोजमापाची मर्यादा त्याच्या कपाळावर लिहिणारे लोक फार नसतात.

मोजण्याची रीत मला वर्गात शिकवावीशी वाटावी इतकी साधी आहे. शरीरातल्या पाण्यात हायड्रोजन आहे, त्याचा प्रोटॉन चुंबकीय क्षेत्रात भोवऱ्यासारखा डोलतो, आणि क्षेत्र जितके तीव्र तितका त्याच्या डोलण्याचा वेग जास्त. १.५ टेस्लाच्या यंत्रात, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राच्या साधारण तीस हजार पट क्षेत्रात, तो सेकंदाला सुमारे ६.४ कोटी वेळा डोलतो. सगळ्यांना एका तालात आणल्यावर क्षणभरासाठी क्षेत्राला मुद्दाम उतार दिला, एका टोकाला जास्त आणि दुसऱ्या टोकाला कमी, की प्रत्येक प्रोटॉनवर तो जिथे उभा आहे त्या जागेचा शिक्का बसतो. थोड्या वेळाने उलटा उतार देऊन तोच शिक्का पुसायचा. जो जागचा हलला नाही त्याचा शिक्का पूर्ण पुसला जातो आणि तो पुन्हा तालात येतो. जो मधल्या वेळात भटकला त्याचा शिक्का अर्धवट उरतो, त्याचा ताल चुकतो आणि त्या जागचा संदेश क्षीण होतो. ही युक्ती स्टेस्कल आणि टॅनर या दोघा रसायनशास्त्रज्ञांनी १९६५ सालीच परीक्षानळीतल्या द्रवांसाठी शोधली होती. ल बिआँने ती माणसाच्या डोक्यात नेली. तिचा परिणाम मोठा उलटा दिसतो: ज्या चित्रात पाणी खेळते आहे तो भाग काळपट, आणि ज्या जागी ते अडले आहे ती जागा पांढरीशुभ्र.

त्या दिवशी सव्वासात वाजता काचेपलीकडच्या पडद्यावर मी तो पांढरा ठिपका पाहिला. यंत्र खट-खट-खट करत होते, तंत्रज्ञ ध्वनिक्षेपकातून "आजोबा, मान हलवू नका, झालंच" असे म्हणत होता, आणि तुरीच्या डाळीएवढा एक ठिपका मेंदूच्या करड्या चित्रात डाव्या बाजूला दिव्यासारखा चमकत होता. माणसाचे आयुष्य बदलणारी गोष्ट इतकी छोटी असते, हे पाहून मला रडू येण्याऐवजी राग आला. डॉक्टरीणबाईंनी शेजारचे दुसरे चित्र उघडले, ज्याला ते 'फ्लेअर' म्हणतात. त्यात त्याच जागी काहीच नव्हते. त्यांनी दोन्ही चित्रे वर-खाली सरकवून तीनदा ताडून पाहिली आणि मग त्या पहिल्यांदाच हसल्या. "इथे आहे, इथे नाही. म्हणजे अजून वेळ आहे."

ज्या गोष्टीवर त्या हसल्या, तिच्यामागे जवळपास तीस वर्षांचे काम उभे आहे. १९९० साली कॅलिफोर्नियात मायकेल मोझली यांनी मांजरांच्या मेंदूतली एक धमनी बंद करून विसरणाची चित्रे घेतली. नेहमीच्या चित्रांत दोन-तीन तास काहीच दिसत नव्हते. विसरणाच्या चित्रात बाधित भाग पाऊण तासातच उजळला होता. १९९२पासून माणसांमध्येही हेच आढळू लागले. ल बिआँ यकृतातल्या गाठी शोधायला निघाला होता. त्याने घडवलेले हत्यार पक्षाघातासाठी नेमके कामाचे निघेल, हे त्यालाही तेव्हा दिसले नव्हते. पक्षाघातात कुठल्याही विलंबाची किंमत किती, याचा एक हिशेब २००६ साली मांडला गेला: मोठी धमनी तुंबली तर उपचाराविना दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात. आमच्याकडे लग्नात अजूनही काही घरी घटिकापात्र मांडतात, बुडाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडतात, आणि ती भरून बुडाली की एक घटिका, म्हणजे २४ मिनिटे, झाली असे समजतात. मी तो गुणाकार केला. एका घटिकेला साडेचार कोटी. नर्सिंग होमच्या बाकावर आम्ही एक घटिका बसलो होतो. बाबांची तुंबलेली वाहिनी मोठी नव्हती, त्यामुळे हा आकडा त्यांना लागू होत नाही, असे मी स्वतःला पुष्कळदा सांगितले आहे.

दोन चित्रांत फरक का पडतो, हे मला नीट उलगडून सांगितले ते बाबांनी. म्हणजे मी त्यांना समजावून सांगत होते आणि त्यांनी मला मध्येच थांबवले. बाबांची सगळी नोकरी पाणीपुरवठ्यात गेली. भातसा नदीवर पिसे येथे उचललेले पाणी टेमघरला शुद्ध होऊन ठाण्यात कसे येते, कुठल्या टाकीची पातळी किती उतरली की कोणत्या चढावरच्या इमारतींचे फोन सुरू होतात, हे त्यांना तोंडपाठ आहे. मी त्यांना सांगत होते, की प्रत्येक पेशीच्या भिंतीवर सोडियम बाहेर फेकणारे पंप असतात, रक्त थांबले की त्यांचे इंधन संपते, पंप बंद पडतात, सोडियम आत साठते आणि त्याच्यामागे पाणीही आत शिरते, पेशी फुगतात आणि त्यांच्यामधल्या बोळी अरुंद होतात. बाबा अडखळत, पण ठामपणे म्हणाले, "म्हणजे पाणी वाढलेलं नाही. पाणी तेवढंच आहे, फक्त जागा बदलली." मी म्हटले, हो. "वाढेल ते नंतर. बाहेरून झिरपेल तेव्हा." मी पुन्हा म्हटले, हो. विसरणाचे चित्र पाण्याचे अडणे पाहते आणि ते काही मिनिटांत सुरू होते. फ्लेअरचे चित्र त्या भागात साचलेले जादा पाणी पाहते आणि ते रक्तातून झिरपत यायला काही तास जातात. पहिल्यात ठिपका आहे आणि दुसऱ्यात नाही, याचा अर्थ पंप बंद पडले आहेत, पण तळघरात अजून पाणी चढलेले नाही. "मग हे सोपं आहे," बाबा म्हणाले. "आम्ही हेच करायचो. पंप कधी बंद पडला ते वॉचमन कधी खरं सांगत नाही. भिंतीची ओल बघायची."

पेशी फुगल्यामुळे विसरण मंदावते हे सर्वसाधारणपणे मान्य असले, तरी त्यात पेशीच्या आतल्या द्रवाचा वाटा किती, बाहेरच्या बोळींचा किती, पडद्यांचा किती, यावर तज्ज्ञांची चर्चा अजून संपलेली नाही. मला यात उणेपणा वाटत नाही. नळाला पाणी का येत नाही याचे कारण पूर्ण कळण्याआधी टँकर पाठवावाच लागतो, हेही बाबांचेच म्हणणे.

ओल पाहून वेळ ठरवण्याची ही कल्पना रुग्णांवर पारखली गेली ती युरोपात. 'वेक-अप' या नावाच्या चाचणीचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. झटक्याची वेळ अज्ञात असलेले, विसरणाच्या चित्रात ठिपका असलेले आणि फ्लेअरमध्ये नसलेले ५०३ रुग्ण त्यात होते. निम्म्यांना गुठळी विरघळवणारे औषध दिले, निम्म्यांना नुसते सोंगाचे द्रावण. तीन महिन्यांनी औषध मिळालेल्यांपैकी ५३.३ टक्के लोक जवळपास पूर्ववत झाले होते. दुसऱ्या गटात ४१.८ टक्के. औषधाच्या गटात मृत्यूही काही जास्त झाले, ४.१ टक्के विरुद्ध १.२ टक्के, आणि निधी आटल्याने चाचणी ठरल्यापेक्षा आधीच थांबवावी लागली. मी हे आकडे वाचले तेव्हा माझी पहिली प्रतिक्रिया निराशेची होती, कारण मनात कुठेतरी शंभरापैकी शंभराची अपेक्षा असते. दुसऱ्यांदा वाचताना शंभरामागे बारा माणसे दिसू लागली. आपापल्या हाताने शर्टाची बटणे लावणारी बारा माणसे. संमतिपत्रावर सही करताना मला हे आकडे ठाऊक नव्हते. डॉक्टरीणबाईंनी रक्तस्रावाचा धोका स्पष्ट सांगितला, मी "द्या" म्हटले आणि आठला दहा मिनिटे कमी असताना इंजेक्शन सुरू झाले.

शास्त्रज्ञाच्या कामाचा प्रभाव मोजण्याची हल्ली अनेक मापे आहेत. किती निबंध, त्यांचा किती जणांनी उल्लेख केला, कोणती पारितोषिके. ल बिआँच्या नावावर तीही आहेत, २०१२चे होंडा पारितोषिक, २०१४चे लुई-जॉन्ते पारितोषिक. आमच्या महाविद्यालयातही दर वर्षी असे तक्ते भरून घेतात आणि मी ते निमूटपणे भरते. पण उल्लेख करणाऱ्याला निदान नाव माहीत असावे लागते. त्या पहाटे ज्या तंत्रज्ञाने 'बी' या राशीचे मूल्य १००० ठेवले, त्याने ते ठेवलेही नव्हते; ते यंत्रात आधीपासून ठेवलेलेच असते. बटण दाबले की दीड-दोन मिनिटांत चित्र येते. ज्या कामाला सुरुवातीच्या यंत्रांवर श्वास रोखून बसावे लागे आणि तरीही माणसाच्या जराशा हालचालीने चित्र वाया जाई, ते काम आज मान हलवू नका इतके सांगितले की पार पडते. शोध इतका मुरला की त्याला उल्लेखाची गरजच राहिली नाही. आपण शून्य लिहिताना कोणाचा उल्लेख करतो?

बाबांच्या हाताची गोष्ट मात्र तिथे संपली नाही, आणि ल बिआँचीही. १९९४ साली अमेरिकेत पीटर बॅसर आणि जेम्स मॅटिएलो यांच्याबरोबर त्याने विसरण सर्व दिशांनी मोजण्याचे गणित मांडले. मेंदूतल्या पांढऱ्या भागात चेतातंतूंच्या जुड्या असतात, आणि तंतूच्या लांबीच्या दिशेने पाणी सहज सरकते, आडवे मात्र अडखळते. ठाणे स्थानकाच्या पादचारी पुलावर संध्याकाळी सात वाजता उभे राहिलेल्या कोणालाही हे समजेल. गर्दीतल्या माणसाला पुलाच्या दिशेने कसेबसे पुढे जाता येते, कठड्याकडे मुळीच नाही. आणि वरून, अंधारात, नुसत्या माणसांच्या सरकण्यावरून पूल कुठून कुठे गेला आहे ते काढता येईल. तसेच पाण्याच्या सरकण्यावरून तंतूंचे मार्ग काढता येतात. त्या नकाशांत रंगांचा संकेत ठरलेला आहे: डावीकडून उजवीकडे जाणारे तंतू लाल, पुढून मागे जाणारे हिरवे आणि वरून खाली जाणारे निळे. हात हलवण्याची आज्ञा मेंदूच्या माथ्यावरून ज्या निळ्या वाटेने खाली मणक्याकडे उतरते, ती इंटर्नल कॅप्सूलच्या अरुंद खिंडीतून जाते. बाबांचा डाळीएवढा ठिपका त्या खिंडीत बसला होता. दुसरीकडे कुठे असता, तर कदाचित कळलाही नसता.

इंजेक्शनानंतर दुसऱ्या दिवशी बाबांना कोपर उचलता आले, आठवड्याने शब्द सुटे झाले, तीन महिन्यांनी ते काठी न घेता मासुंदा तलावाला एक फेरी मारू लागले. बोटे मात्र पूर्ण परत आली नाहीत. त्यांचे अक्षर पूर्वी हिशेबवहीतले, एकाच उंचीचे, मोजून काढल्यासारखे होते. आता 'क्ष' आणि 'ज्ञ' काढताना पेन एक जादा वळसा घेते. तरी ते रोज एक पान लिहितात. शंभरामागच्या त्या बारांत ते आहेत की नाहीत, हे कोणीच सांगू शकत नाही. इंजेक्शन दिले नसते तर काय झाले असते, हे पाहायला दुसरे बाबा आमच्याकडे नाहीत.

ल बिआँने नंतर पॅरिसजवळ साक्ले येथे न्यूरोस्पिन ही संस्था उभारण्यात पुढाकार घेतला. तिथे ११.७ टेस्लाचे एक अजस्र यंत्र आहे: १३२ टन वजनाचा चुंबक, त्यात १८२ किलोमीटर अतिवाहक तार, आणि ती थंड ठेवायला उणे २७१ अंशांवरचा द्रव हेलियम. २०२१ साली त्यात सर्वप्रथम एका भोपळ्याचे चित्र घेतले गेले, आणि २०२४च्या एप्रिलमध्ये माणसाच्या मेंदूची पहिली चित्रे जाहीर झाली. चार मिनिटांत, ०.२ मिलिमीटर इतक्या बारकाव्याने. बाबांना यातले भोपळ्याचे फार आवडले. नव्या जलवाहिनीतून आधी चाचणीचे पाणी सोडून पाहतात, तसेच ते, असे त्यांनी लगेच सांगितले. ल बिआँचे सगळेच म्हणणे मान्य झाले आहे असे नव्हे. मेंदूचा एखादा भाग काम करू लागला की तिथल्या पेशी किंचित फुगतात आणि विसरणाने ते थेट टिपता येते, असे त्याने २००६ साली मांडले आणि त्यावर अजून एकमत नाही. साठी ओलांडलेला, सन्मान मिळवलेला माणूस अजून वादग्रस्त म्हणणे मांडतो, याचे मला बरे वाटते.

हे सगळे वाचून काढत असताना एक गोष्ट मला सलत होती. दोन चित्रांतल्या फरकावरून झटका साडेचार तासांच्या आतला असावा असे म्हणता येते, खात्रीने मात्र नाही. काहींच्या बाबतीत ही पारख चुकते. बाबांच्या बाबतीत ती बरोबर होती की आमचे नशीब, हे ठरवायला दुसरा पुरावा नव्हता. गेल्या जुलैत एका रात्री पाऊस वाढला आणि मी त्यांच्या खोलीतली खिडकी लावायला गेले. आई म्हणाली, झोपताना ती उघडीच ठेवलेली बरी, बाबांना कोंडल्यासारखे होते, "त्या रात्रीपण मी उघडीच ठेवली होती." मी वळून पाहिले. सकाळी ती बंद होती. आईने लावली नव्हती. ती पेला पडेपर्यंत झोपलेली होती.

बाबा पलंगावरून म्हणाले, "मीच उठलो होतो. झड आत येत होती. समोरच्या सोसायटीचा पंप सुरू झाला तेव्हा, म्हणजे चार वाजता." त्या पहाटे त्यांना हे कोणी विचारले नव्हते, आणि विचारले असते तरी शब्द सुटे झाले नसते.

मी खिडकी ओढून घेतली. पावसाळ्यात तिचे लाकूड फुगते आणि कडी खाचेत बसवायला अंगठ्याने चांगलाच जोर द्यावा लागतो. कडी उजव्या बाजूला, भिंतीच्या कोनात आहे. मी आधी डाव्या हाताने लावून पाहिली. ती लागली नाही.